व्हीएचं मेडिकल रेकॉर्ड फोनवर जरूर घ्या, पण तीच पूर्ण फाइल असं धरून चालू नका

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. तुमचे यजमान अमेरिकी लष्करात बारा वर्षं होते. आता टेक्सासात व्हीएकडे, म्हणजे माजी सैनिकांच्या खात्याच्या रुग्णालयात, त्यांचे उपचार चालतात. हृदयाचे डॉक्टर मात्र व्हीएनेच बाहेरचे नेमून दिलेत. आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये व्हीएचं सगळं रेकॉर्ड येतं असं तुम्ही ऐकलंत. ते घ्यावं का, सुरक्षित आहे का, हृदयाच्या डॉक्टरांना तेवढं दाखवून भागेल का, लष्करातलं जुनं रेकॉर्डही त्यात येईल का, आणि तुमच्या स्वतःच्या फोनवर घेता येईल का, हे तुम्हाला हवंय. शिवाय डिसेंबरात दोघं दोन महिने पुण्याला जाणार आहात.

मी व्हीएच्या एका रुग्णालयात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. माझा दिवस रुग्णांच्या गोळ्यांची यादी आणि त्यांच्या पिशवीतल्या बाटल्या यांचा मेळ घालण्यात जातो. त्यामुळे उत्तर औषधांकडे झुकणार, हे गृहीत धरा. इथे लिहितेय ते माझं वैयक्तिक मत आहे, खात्याचं नाही.

तुमच्या प्रश्नात ॲप पुढे दिसतंय, पण अडचण वेगळी आहे. तुमच्या यजमानांच्या तब्येतीची माहिती आज निदान तीन ठिकाणी विखुरलेली आहे: व्हीए, बाहेरचे डॉक्टर आणि लष्कर. पुण्यात रात्री छातीत दुखलं तर समोरच्या डॉक्टरला यातलं काहीच माहीत नसणार. फोनमुळे या तीनपैकी एक ठिकाण बऱ्यापैकी हाताशी येतं. उरलेल्या दोन ठिकाणांसाठी हालचाल तुम्हालाच करावी लागेल.

फोनवर रेकॉर्ड बघायचे दोन रस्ते आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला म्हणजे व्हीएचं स्वतःचं ‘हेल्थ अँड बेनिफिट्स’ ॲप. ते २०२१ मध्ये आलं आणि आयफोन, अँड्रॉइड दोन्हींवर चालतं. औषधांचं रीफिल मागवणं, अपॉइंटमेंट, डॉक्टरांच्या टीमला सुरक्षित निरोप, क्लेमची स्थिती, हे सगळं तिथे होतं. त्यात तुम्ही व्हीएच्या कपाटात डोकावून बघता. दुसरा रस्ता ॲपलच्या हेल्थ ॲपचा. व्हीए आणि ॲपल यांनी तो फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केला, उन्हाळ्यात काही जणांवर चाचणी झाली आणि नोव्हेंबर २०१९ पासून व्हीएत उपचार घेणाऱ्या सगळ्या आयफोनवाल्यांना तो खुला झाला. इथे माहितीची प्रत थेट तुमच्या फोनमध्ये उतरते आणि तिथेच राहते. रेंज नसली तरी दिसते. अँड्रॉइड असेल तर पहिला रस्ता आणि व्हीएच्या संकेतस्थळावरून उतरवलेली पीडीएफ, एवढ्यावरही छान भागतं. त्यासाठी नवा आयफोन घ्यायची काही गरज नाही.

आपलं रेकॉर्ड आपण उतरवून घ्यायचं ही सोयही काही काल-परवाची नाही. व्हीएचं ‘माय हेल्दीव्हेट’ पोर्टल २००३ पासून आहे आणि २०१० मध्ये त्यावर ‘ब्लू बटन’ आलं: एक बटण दाबा, आपली माहिती फाइलमध्ये घ्या. या बाबतीत व्हीए खासगी रुग्णालयांच्या बरंच पुढे होती. लोक व्हीएला उठसूट नावं ठेवतात म्हणून हे मुद्दाम सांगते.

आता लॉगिन. इथेच अर्धे लोक कंटाळून सोडून देतात. जुन्या माय हेल्दीव्हेटचं युजरनेम-पासवर्ड आणि लष्कराचं डीएस लॉगऑन, व्हीएसाठी दोन्ही २०२५ मध्ये बंद झाले. आता ‘लॉगिन डॉट गव्ह’ किंवा ‘आयडी डॉट मी’ यांपैकी एक खातं लागतं, आणि त्यात ओळख पटवून घ्यावी लागते. त्यासाठी लायसन्स, सोशल सिक्युरिटी नंबर आणि ज्यावर कोड येईल तो फोन जवळ ठेवा. हे काम अमेरिकेत असताना, निवांत शनिवारी सकाळी उरकून टाका. पुण्याला पोचल्यावर अमेरिकेतलं सिमकार्ड बंद आणि कोड त्याच नंबरवर जातोय, अशा अवस्थेत अडकलेले लोक मी पाहिलेत. कोडसाठी फोन नंबराशिवाय दुसरा एखादा पर्यायही खात्यात आधीच जोडून ठेवा.

खातं झालं की हेल्थ ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या फोटोवर बोट ठेवा, हेल्थ रेकॉर्ड्समध्ये जा, व्हीए शोधा, लॉगिन करा आणि परवानगी द्या. माहिती यायला थोडा वेळ लागतो. पुढे ती आपोआप ताजी होत राहते, पण अधूनमधून जोडणी तुटते आणि फोन पुन्हा लॉगिन मागतो. ती सूचना झटकून टाकली की यादी जुन्या तारखेवर थांबते आणि आपल्याला वाटतं ती आजचीच आहे. डॉक्टरकडे निघण्याआधी शेवटचा रिपोर्ट कोणत्या तारखेचा दिसतोय, एवढं बघायची सवय लावा.

या रस्त्याने येतं काय? ॲलर्जी, आजारांची यादी, लशी, लॅबचे रिपोर्ट, औषधं, प्रोसिजर आणि रक्तदाब-वजनासारखी मोजमापं. ही मुख्य शिदोरी. डॉक्टरांनी भेटीनंतर लिहिलेली सविस्तर टिपणं, डिस्चार्ज समरी, एक्स-रे आणि स्कॅन यांसाठी मात्र व्हीएच्या संकेतस्थळावर जावं लागतं. हृदयाच्या डॉक्टरांना बहुधा तेच जास्त हवं असतं. ‘एलडीएल ९८’ (एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल) हा आकडा फोनवर दिसतो. पण तो ९८ असताना औषध का वाढवलं किंवा का नाही वाढवलं, हे टिपणात असतं.

नवे रिपोर्ट आणि टिपणं व्हीए साधारण ३६ तासांनी रुग्णाला दाखवते, डॉक्टरांचा फोन आला असो वा नसो. म्हणजे रात्री साडेअकराला तुम्ही दोघं लाल रंगातला एखादा आकडा बघत बसलाय, असं होणार. लाल म्हणजे लॅबच्या ठरीव मर्यादेबाहेर, इतकंच. पाणी कमी प्यायल्यानेही काही आकडे हलतात. तब्येतीत काही त्रास नसेल तर सुरक्षित निरोप टाकून झोपा. छातीत दुखतंय, दम लागतोय असं काही असेल तर मात्र आकडे बघत बसू नका, ९११ लावा.

आता माझ्या रोजच्या कामाकडे येते, म्हणजे औषधांच्या यादीकडे. लोक तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात, आणि तिलाच सगळ्यात जपून वाचावं लागतं.

व्हिएतनामात लढलेले एक आजोबा माझ्याकडे आले. नातीने फोनवर रेकॉर्ड लावून दिलं होतं, त्याचं त्यांना भारी कौतुक. फोन टेबलावर ठेवून म्हणाले, सगळं यात आहे. मी म्हटलं, पिशवीही दाखवा. फोनवर ‘ॲटोरवास्टॅटिन ८० मिलिग्रॅम’ होतं, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी. बाटलीच्या लेबलावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, रोज अर्धी गोळी. व्हीएत मोठ्या ताकदीची गोळी देऊन ती अर्धी करून घ्यायला सांगायची पद्धत जुनी आहे. त्यासाठी गोळी कापायचं छोटं यंत्रही मिळतं. म्हणजे आजोबांचा डोस चाळीस, आणि फोनवर ठळक दिसत होतं ऐंशी. खाली बारीक सूचना फोनवरही होती, पण ती उघडून कोण बघतो? बाहेरच्या डॉक्टरांनी तेवढी वरची ओळ बघून नवी चिठ्ठी लिहिली असती तर डोस दुप्पट झाला असता. पिशवीत आणखी एक बाटली निघाली, बाहेरच्या दवाखान्यातून मिळालेल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीची. तिचा फोनवर मागमूस नव्हता. आणि तिच्याच शेजारी सांधेदुखीसाठी दुकानातून स्वतः आणलेलं आयबुप्रोफेन. रक्त पातळ करणारी गोळी आणि आयबुप्रोफेन एकत्र म्हणजे पोटात रक्तस्रावाला निमंत्रण. तासाभरातलं सगळ्यात महत्त्वाचं काम त्या दोन बाटल्यांनी केलं, आणि फोनला त्या दोन्ही माहीत नव्हत्या.

म्हणून तुमच्या यजमानांसाठी पहिलं काम हे. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली औषधं, दुकानातून आणलेल्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णं, काढे, घरून येताना आणलेलं काहीही, हे सगळं व्हीएच्या फार्मासिस्टला किंवा नर्सला सांगा आणि ‘बाहेरची औषधं’ म्हणून नोंदवून घ्या. तशी सोय व्हीएच्या यादीत आहे. आपण सांगितल्याशिवाय ती जागा भरणार नाही. आयुर्वेदाचं सांगायला आपली माणसं बिचकतात, डॉक्टर हसतील म्हणून. हसले तर हसू द्या.

औषधापुढचे शेरेही समजून घ्या. ‘एक्स्पायर्ड’ दिसलं म्हणजे गोळ्या खराब झाल्या असं नाही, चिठ्ठीची मुदत संपली. साधी चिठ्ठी बहुतेक वर्षभर चालते, मग नव्याने लिहावी लागते. ‘सस्पेंड’ असं कुठे दिसलं तर औषध बंद झालेलं नसतं. रीफिल रांगेत असतं आणि तारीख आली की टपालाने निघतं. हा शेरा वाचून रक्तदाबाची गोळी बंद करून बसलेले लोक मला भेटलेत. खरोखर बंद केलेल्या औषधापुढे ‘डिसकंटिन्यूड’ असतं.

ॲलर्जीचा रकानाही तसाच. लिसिनोप्रिल या रक्तदाबाच्या गोळीने कोरडा खोकला आला होता, तो तिथे ॲलर्जी म्हणून बसलेला असतो. खोकला हा त्रास झाला. ओठ-जीभ सुजणं ही वेगळी आणि धोक्याची गोष्ट. पण यादीत दोन्ही एकाच ओळीत दिसतात. प्रत्येक नावापुढे नेमकं काय झालं होतं, हे यजमानांना विचारून तुमच्या वहीत लिहून ठेवा. नोंद साफ चुकीची असेल तर आधी टीमला निरोप पाठवा. तेवढ्याने झालं नाही तर रुग्णालयाच्या प्रायव्हसी ऑफिसरकडे दुरुस्तीचा लेखी अर्ज करता येतो, तो रुग्णाचा हक्क आहे. फोनवरची प्रत मात्र आपल्याला बदलता येत नाही, आणि तेच बरं.

लष्करातल्या रेकॉर्डचं. व्हीए आणि संरक्षण खातं ही दोन वेगळी घरं आहेत. नोकरीत असतानाच्या उपचारांची फाइल संरक्षण खात्याची. ती व्हीएच्या जोडणीतून पूर्ण तुमच्या फोनवर उतरेल अशी अपेक्षा ठेवू नका. दुखापतीच्या भरपाईचा क्लेम करायचा असेल तर हीच फाइल सगळ्यात मोलाची ठरते, म्हणून ती वेगळी मागवून घरात ठेवा. तुमच्या यजमानांची नोकरी अलीकडची असल्याने ती मिळायला फार त्रास पडू नये. जुन्या पिढीचं मात्र दैव खोटं: सेंट लुईसच्या अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि १ कोटी ६० लाखांहून जास्त फाइली जळाल्या. त्यात १९६० च्या आधी लष्करातून बाहेर पडलेल्यांच्या फाइलींचा मोठा भाग होता.

काही गोष्टी तुम्ही कुठे राहता त्यावरही अवलंबून आहेत. व्हीएची बहुतेक रुग्णालयं अजून ‘व्हिस्टा’ या व्हीएने स्वतःच बनवलेल्या, रेकॉर्ड ठेवायच्या जुन्या संगणक प्रणालीवर चालतात. नवी प्रणाली ऑक्टोबर २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनला पहिल्यांदा सुरू झाली, मग ओहायोतलं कोलंबस, ओरेगनमधली ठिकाणं अशी पुढे सरकली. अडचणी इतक्या आल्या की २०२३ मध्ये पुढचा विस्तार थांबवावा लागला. व्हिस्टावाल्या गावातून नव्या प्रणालीच्या गावात बदली झाली असेल, तर कोणत्या काळातलं काय दिसतंय हे तारखा लावून तपासा. टेक्सासातच राहणार असाल तर तूर्त याची काळजी नको.

हृदयाच्या डॉक्टरांना फोन दाखवून भागेल का? भेटीत बोलायला भागेल, त्यांच्या फाइलसाठी नाही. व्हीए आणि बाहेरचे दवाखाने यांच्यात माहितीची इलेक्ट्रॉनिक देवाणघेवाण होते, आणि २०२० पासून त्यासाठी वेगळी संमती लागत नाही. नको असेल तर तसं लेखी कळवायचं असतं. पण ते डॉक्टर त्या जाळ्यात आहेत का आणि त्यांच्या दवाखान्यात कुणी उघडून बघतं का, हे तिथल्या काउंटरवर विचारूनच कळेल. नसतील तर व्हीएच्या रेकॉर्ड विभागात १०-५३४५ क्रमांकाचा फॉर्म भरून कागद थेट त्यांच्याकडे पाठवता येतात. स्वतःसाठी प्रत हवी असेल तर १०-५३४५ए. उलट बाजूनेही लक्ष ठेवा: हृदयाच्या डॉक्टरांचं टिपण व्हीएत पोचलं का? बहुतेक वेळा अडतं ते इथेच. प्रत्येक भेटीनंतर ‘व्हिजिट समरी’ मागून घ्या आणि तिचा फोटो सुरक्षित निरोपातून व्हीएच्या टीमला पाठवा. हे तुमचं काम नाही हे मला मान्य आहे. पण दोन्ही दवाखान्यांत नेहमी हजर असणारं माणूस घरचंच असतं.

सुरक्षिततेबद्दल लोक दोन टोकांना जातात. माहिती व्हीएकडून थेट फोनमध्ये येते आणि फोन पासकोडने बंद असताना ती कुलूपबंद असते. एवढी व्यवस्था चांगली आहे. पण व्हीएच्या दारातून माहिती बाहेर पडली की रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला रुग्णालयांना बांधणारा हिपा कायदा तुमच्या फोनमागे धावत येत नाही. पुढचं कुलूप तुमच्या हातात. पासकोड १२३४५६ असेल तर आजच बदला. हेल्थमधली माहिती वाचायची परवानगी मागणारी वजन घटवायची, पावलं मोजायची ॲप असतात, त्यांना हेल्थ रेकॉर्ड्सची परवानगी देऊ नका. व्हीएतून बोलतोय म्हणून फोन करून कुणी लॉगिनचा कोड मागितला तर फोन ठेवून द्या.

तुमच्या स्वतःच्या फोनवर त्यांचं रेकॉर्ड घ्यायचं म्हटलं, तर माझं उत्तर नाही. त्यांचं लॉगिन हे त्यांचंच. नवरा-बायको असलो तरी ते वापरणं नियमात बसत नाही. शिवाय त्यांची ॲलर्जी तुमच्या फोनच्या हेल्थ ॲपमध्ये तुमच्या नावावर बसेल, हा वेगळाच घोळ. त्यांच्या फोनवर घ्या. मग हेल्थमधल्या शेअरिंगने ते निवडक गोष्टी तुमच्या आयफोनवर दाखवू शकतात, आणि काय दाखवायचं ते त्यांनी ठरवायचं. लष्करातून परतलेल्या माणसाच्या फाइलमध्ये मानसिक आरोग्याच्या नोंदी असू शकतात. त्या सगळ्या बायकोने वाचाव्यात असं त्याला वाटेलच असं नाही. हे आधी दोघं बोलून घ्या. लॉक स्क्रीनवरून दिसणारा ‘मेडिकल आयडी’ मात्र लगेच भरा: आजार, जिवावर बेतणारी ॲलर्जी, रक्त पातळ करणारी गोळी, तुमचा नंबर. पासकोड माहीत नसलेल्या ॲम्ब्युलन्सवाल्यालाही तो बघता येतो.

आता पुणे. तिथल्या डॉक्टरांसमोर फोन सरकवत बसण्यापेक्षा दोन पानी कागद ठेवा, त्यांचा वेळ वाचतो. निघण्याच्या आठवड्यात व्हीएच्या संकेतस्थळावरून पीडीएफ उतरवा, औषधांची यादी, शेवटचा ईसीजी आणि इको छापा, आणि यादीवर बाटल्या समोर घेऊन पेनाने खऱ्या डोसच्या खुणा करा. औषधाचं मूळ नाव लिहा, ब्रँडचं नको. काही मूळ नावंही दोन देशांत वेगळी आहेत: अमेरिकेतलं ॲसिटामिनोफेन म्हणजे तिकडचं पॅरासिटामॉल, पंपातलं अल्ब्युटेरॉल म्हणजे साल्ब्युटामॉल, साखरेचं ग्लायब्युराइड म्हणजे ग्लायबेनक्लेमाइड. मेटोप्रोलॉल (रक्तदाब-हृदयाची गोळी) असेल तर सक्सिनेट की टार्ट्रेट हे नक्की लिहा. पहिलं दिवसातून एकदा घ्यायचं, दुसरं बहुधा दोनदा. आणि आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधं मिसळून द्यायची फार पद्धत आहे. रक्तदाबासाठी नवी गोळी लिहून मिळाली तर तिच्यात काय काय आहे ते विचारा. चालू असलेलंच औषध त्यात दुसऱ्यांदा आलेलं असू शकतं.

दोन महिन्यांची औषधं सोबत न्या. व्हीएची टपालसेवा गोळ्या पुण्याला पोचवेल असं धरू नका. निघण्याच्या निदान महिनाभर आधी ॲपमधून सुरक्षित निरोप पाठवा की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत बाहेर आहोत, तेवढा साठा लागेल. सगळी औषधं एकदम मिळतील की नाही हे औषधाच्या प्रकारावर ठरतं, म्हणून आधी विचारलेलं बरं. गोळ्या मूळ लेबलच्या बाटल्यांतच ठेवा आणि हातातल्या बॅगेत घाला. यजमानांचा एखादा आजार लष्करी सेवेमुळे झालेला असं व्हीएने मान्य केलं असेल, तर त्या आजारासाठी भारतात घेतलेल्या उपचारांचा खर्च व्हीएच्या ‘फॉरेन मेडिकल प्रोग्रॅम’मधून मागता येतो. त्याची नोंदणी जाण्याआधी करून ठेवा, आणि पुण्यात प्रत्येक बिल निदानासकट, शिक्क्यानिशी मागून घ्या.